दोनशे विजा आणि एक प्लॅटिनम: रीमास्टर खेळांतल्या अवघड ट्रॉफ्यांबद्दल

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही दिसेल. शाळेत असताना कळव्याला मामेभावाच्या घरी, डबा टीव्हीवर, प्लेस्टेशन २ वर तुम्ही फायनल फँटसी टेन या खेळात अंगावर येणाऱ्या सलग २०० विजा चुकवल्या होत्या. आता त्याच खेळाचं एचडी रीमास्टर, म्हणजे नव्या कन्सोलसाठी चकचकीत केलेली आवृत्ती, प्लेस्टेशन ४ वर खेळताय. टीव्ही ४३ इंची, सोबत साउंडबार. तीन आठवडे शिफ्टवरून आल्यावर रोज रात्री बसताय आणि आकडा ६१ च्या पुढे जात नाही. खेळात ठरवून दिलेली कामं केली की कन्सोल ट्रॉफ्या देतो, आणि बाकी सगळ्या जमल्या की प्लॅटिनम; त्यासाठी ही विजांची ट्रॉफी आणि चोकोबो या स्वारीच्या पक्ष्याची शर्यत एवढंच उरलंय. भाऊ म्हणतो तुमचा हात मंदावला, तुम्हाला वाटतं खेळच बिघडवून ठेवलाय. सोडून देऊ का, असा तुमचा शेवटचा प्रश्न.

मी ठाण्यात नौपाड्याला कन्सोल आणि कंट्रोलर दुरुस्त करते, चौदा वर्षं झाली. ट्रॉफ्यांचा नाद त्याहून जुना. २०० विजांची ही ट्रॉफी मी २०१६ च्या पावसाळ्यात मिळवली, आणि तिच्यामागे तुमच्यासारखीच कितीतरी रात्री जागले. त्यामुळे ६१ वर वीज अंगावर पडल्यावर पोटात काय होतं, ते मला पुरतं ठाऊक आहे.

माझ्या मते तुमचा प्रश्न हाताचा नाही आणि खेळ बिघडवल्याचाही नाही. तीन वेगळ्या गोष्टींचा त्रास तुम्हाला एकाच नावाने होतोय. एक, जुन्या खेळाचा ताल आणि नव्या टीव्हीचा ताल जुळत नाही. दोन, पूर्वी ऐच्छिक असलेलं काम आता सक्तीचं झालंय. आणि तिसरी गोष्ट सरावाची पद्धत. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. ते एकत्र कालवले की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

टीव्हीपासून सुरू करते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सहा-सात तिथेच मिटतात. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: थंडर प्लेन्स नावाच्या माळरानावर वीज पडायच्या आधी अख्खा पडदा पांढरा लखलखतो. त्या क्षणाला एक्सचं बटण दाबलं तर खेळाचा नायक टायडस बाजूला उडी मारतो, नाहीतर वीज अंगावर येते आणि सलग आकडा पुन्हा शून्यावर. म्हणजे सगळा खेळ लखलखाट आणि बोट यांच्यातल्या अंतराचा. साधा उजेड दिसल्यावर बोट हलायला धडधाकट माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तिशीत हे थोडं वाढतं, पण इतकं नाही की २०० वरून ६१ वर यावं.

डबा टीव्ही आलेलं चित्र जवळजवळ जसंच्या तसं पडद्यावर टाकायचा. आजचा टीव्ही ते आधी स्वतःकडे ठेवतो, रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो, कडा धारदार करतो आणि मग दाखवतो. क्रिकेट बघताना हे छान वाटतं. पण या सगळ्या साजशृंगारात काही टीव्ही १०० मिलिसेकंदांहून जास्त खातात. म्हणजे लखलखाट तुम्हाला दिसला तेव्हा खेळाच्या घड्याळात तो होऊन गेलेला असतो. तुमचं बोट पूर्वीइतकाच वेळ घेणार, पण मुदत मात्र पूर्वीपेक्षा कमी उरलेली. अशा स्थितीत ६१ गाठलेत, म्हणजे तुमचा हात चांगलाच चपळ आहे. भावाला हे सांगा.

हे माझ्या शब्दावर मानू नका, मोजून बघा. मी दुकानात वापरते ती पद्धत घरी सहज जमते. मोबाइलमध्ये स्लो मोशनला २४० फ्रेमचा पर्याय असतो. कंट्रोलर टीव्हीच्या पुढे असा धरा की बोट आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील. खेळात कुठेही उभं राहून मेनू उघडायचं बटण दाबा आणि रेकॉर्ड करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा: बोट पूर्ण दबल्यापासून पडद्यावर मेनू दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या. प्रत्येक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. यात खेळाचा स्वतःचा उशीरही मिसळलेला असतो, म्हणून एकाच आकड्यावरून काही ठरवू नका. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे हा साजशृंगार कमी करणारा पर्याय, बंद ठेवून पाच वेळा आणि चालू करून पाच वेळा मोजा. दोन सरासऱ्यांतला फरक हा निव्वळ टीव्हीचा. मी मोजलेल्या टीव्हींमध्ये हा फरक कुठे सहा-सात फ्रेम आला, कुठे वीसच्या वर गेला. वीस फ्रेम म्हणजे ८० मिलिसेकंदांच्या पुढे. विजेच्या खेळात एवढं पुष्कळ झालं.

साउंडबारबद्दल तुम्ही फक्त ओझरतं लिहिलंय, पण मला तिथे शंका आहे. कन्सोलची केबल आधी साउंडबारमध्ये आणि तिथून टीव्हीत, अशी जोडणी असेल तर ती बदला. कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीकडून साउंडबारला जाऊ द्या. ब्लूटूथचे हेडफोन या कामापुरते बाजूला ठेवा, त्यांचा आवाज मागे पडतो आणि कान डोळ्यांना फसवतात. प्लेस्टेशन ४ च्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा संवाद ब्लूटूथऐवजी यूएसबी केबलने करायचा पर्याय आहे, तोही करून ठेवा. त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडणार नाही, पण आजूबाजूला वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी असलेल्या आपल्या इमारतींमध्ये एक कटकट कमी होते.

कंट्रोलरही उघडून बघण्यासारखा असतो. ड्युअलशॉक ४ मध्ये बटणाखाली रबराचा घुमट असतो, आणि त्याच्याखाली पातळ फिल्मवर छापलेले संपर्क. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर माझ्या टेबलावर अशा फिल्मांचा ढीग असतो. एक्सचं बटण इतरांपेक्षा जास्त दाबावं लागत असेल, किंवा दाबूनही कधी लागत नसेल, तर आधी ती फिल्म बदलून घ्या. काम किरकोळ असतं. वापर नसताना कंट्रोलर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवलात तर फिल्म जास्त टिकते.

आता लहानपणीच्या २०० बद्दल. तेव्हा तुमच्याकडे कोणती डिस्क होती यावर बरंच अवलंबून आहे. त्या काळी ५० हर्ट्झच्या पाल या टीव्ही पद्धतीसाठी काढलेले बरेच खेळ वेग न सुधारता तसेच बाजारात येत, आणि ते ६० हर्ट्झच्या मूळ खेळापेक्षा साधारण एक षष्ठांश संथ चालत. तुमची डिस्क तशी असेल तर तेव्हाची वीजही तेवढीच संथ असणार. नसेल, तर फरक फक्त टीव्हीचा. दोन्हींत तुमचा तेव्हाचा पराक्रम कमी होत नाही. पण त्या आकड्याला आजच्या आकड्याशेजारी बसवून स्वतःला छळण्यातही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २००१ मध्ये हा खेळ आला तेव्हा ट्रॉफी नावाची वस्तूच नव्हती. प्लेस्टेशनवर ट्रॉफ्या आल्या २००८ मध्ये. मूळ खेळात २०० विजा चुकवल्याचं बक्षीस होतं लुलू या पात्राच्या शस्त्रासाठी लागणारं व्हीनस सिजिल. ज्याला लुलू लढाईत हवी त्याने खटपट करावी, बाकीच्यांनी माळरान ओलांडून पुढे जावं. खेळ बनवणाऱ्यांनी ते एका कोपऱ्यात ठेवलं होतं, हौशी माणसाला सापडावं म्हणून. रीमास्टर झालं, ट्रॉफ्यांची यादी लागली, आणि तो कोपरा एकदम प्लॅटिनमच्या वाटेवरचा टोलनाका झाला. वीज तीच, आकडा तोच. फक्त सोडून द्यायची मोकळीक गेली. तुमची जी चिडचिड होतेय, तिच्यातला मोठा वाटा या मोकळीक जाण्याचा आहे.

याहून ठळक उदाहरण क्रॅश बँडिकूटचं. पहिला क्रॅश १९९६ चा, आणि त्यात घड्याळ लावून पळायची भानगड नव्हती. टाइम ट्रायल आली १९९८ च्या तिसऱ्या भागात, आणि त्या भागात धावायची वेगळी शक्तीही मिळत होती. पहिले तीन भाग नव्याने बांधलेल्या २०१७ च्या एन. सेन ट्रिलॉजीत ही टाइम ट्रायल तिन्ही भागांना लावली. म्हणजे सावधपणे, थांबत थांबत उड्या मारण्यासाठी रचलेल्या १९९६ च्या पायऱ्यांवर आता घड्याळ टिकटिकतंय. शिवाय नव्या बांधणीत क्रॅशची उडी उतरताना मूळ पहिल्या भागापेक्षा लवकर खाली येते आणि फळीच्या कडेवरून पाय घसरतो. हे बनवणाऱ्यांनीही मान्य केलं होतं: तिन्ही भागांची हाताळणी तिसऱ्या भागाच्या पायावर उभी केली होती, आणि टक्कर ओळखायची पद्धतही नवी होती. जुन्या खेळाडूंची बोटं जुनी उडी मारत राहिली आणि दरीत पडत राहिली. पहिल्या भागातल्या पुलांवर मी हेच भोगलंय. जुनी सवय विसरून नवा खेळ म्हणून शिकायला बसले, तेव्हा कुठे पुढे सरकले.

म्हणून कुठल्याही रीमास्टरची ट्रॉफी-यादी हातात आली की मी आधी एकच प्रश्न विचारते: हे आव्हान मूळ खेळात होतं का, की नंतर चिकटवलंय? मूळचं असेल तर त्याच्या पोटात बहुधा एखादी युक्ती दडलेली असते, कारण रचणाऱ्याने ते स्वतः खेळून बघितलेलं असतं. नंतर चिकटवलेलं असेल तर युक्तीची आशा कमी ठेवायची आणि सरावाची तयारी जास्त.

विजांचं आव्हान मूळचं आहे, आणि त्यात युक्ती आहे. माळरानावर विजेच्या मनोऱ्यांजवळ वाटेच्या कडेला एक उथळ खड्डा आहे. त्यात धावत शिरलं की वीज पडते. चुकवा, बाहेर या, वळा, पुन्हा शिरा. एरवी वीज कधी पडेल याचा नेम नसतो, कधी लागोपाठ दोन पडतात. तो अनिश्चितपणा इथे जवळपास संपतो. आणि जायच्या आधी शत्रू न येऊ देणारं कवच, नो एनकाउंटर्सवालं, एका पात्राला घाला. मधेच लढाई सुरू झाली की डोळ्यांना लागलेली लय तुटते, आणि लढाईनंतरच्या पहिल्याच विजेला माणूस हमखास चुकतो. मी लिहून ठेवलेल्या चुकांत हे कारण फार वेळा आलं होतं.

लिहून ठेवलेल्या चुका म्हणजे काय, तर प्रत्येक वेळी वीज अंगावर पडली की वहीत एक शब्द लिहायचा. ‘उशीर’, ‘लक्ष’, ‘व्यत्यय’. बस. तीस-चाळीस नोंदी झाल्या की चित्र दिसतं. ‘उशीर’ जास्त असेल तर टीव्ही नाहीतर कंट्रोलर. ‘व्यत्यय’ जास्त असेल तर घरातली वेळ बदला. ‘लक्ष’ जास्त असेल, आणि तेही पन्नासच्या पुढे, तर कारण बहुतेक वेळा मोजणी असते. माझ्या वहीत तेच होतं.

मोजणीचा त्रास आमच्या घरात सासूबाईंनी सोडवला. १३० च्या पुढे गेले की माझा घसा कोरडा पडायचा. ‘आता सत्तरच राहिल्या’ असं मनात आलं की पुढच्या दोन-तीन विजांत खेळ खलास. एका संध्याकाळी त्या शेजारी बसल्या होत्या, जप आटोपला होता आणि माळ हातातच होती. म्हणाल्या, “तू बघ समोर, मोजायचं माझ्याकडे दे.” एक वीज चुकवली की एक मणी. आकडा त्यांनी मला सांगायचा नाही, मी विचारायचा नाही. १०८ मणी झाले, मेरुमणी ओलांडायचा नाही म्हणून त्यांनी माळ उलटी फिरवली, आणि पुढचे ९२. मला यातलं काही दिसत नव्हतं, फक्त लखलखाट आणि खड्ड्याची कड. त्यांनी “झाल्या” म्हटलं तेव्हा मी आणखी दहा चुकवल्या, एखादा मणी जास्त सरकला असेल तर असावा म्हणून. त्या दिवशीचं प्लॅटिनम अर्धं त्यांचं आहे, असं मी आजही मानते.

तुमच्याकडे कुणी बसणारं नसेल तर कन्सोलचं रेकॉर्डिंग वापरा. प्लेस्टेशन ४ मागची १५ मिनिटं आपोआप साठवतं, सेटिंगमध्ये ती मुदत ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते. खड्ड्याच्या पद्धतीने २०० विजांना मला साधारण अर्धा तास लागला होता, म्हणजे मुदत पुरेल. मोजायचं नाही, थकवा जाणवेपर्यंत खेळायचं, मग रेकॉर्डिंगमध्ये मोजायचं. आकडा डोक्यातून गेला की हात सैल पडतो.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे: शिफ्टवरून आल्यावर रात्री एक वाजता हे करू नका. ट्रेनमधून उतरून, जेवून, अर्ध्या झोपेत बसलेल्या माणसाचं बोट उशिराच हलणार. सुट्टीच्या सकाळी बसा, पंचवीस मिनिटं खेळा, दहा मिनिटं उठून खिडकीतून लांब कुठेतरी बघा. दिवसाला अशा दोन-तीन बैठकी पुरेत. तीन आठवडे रोज रात्री दोन तास बसण्यापेक्षा दोन रविवार असे दिलेत तर जास्त हाती लागेल. चुकण्याचीही बोटांना सवय लागते, आणि तुम्ही तीन आठवडे तिचाच सराव केलाय.

विजेवरून आठवलं, घरातली वीजही सांभाळा. ती ट्रॉफी मिळायच्या आठवडाभर आधी मी १८० च्या आसपास असताना बाहेर खरा गडगडाट झाला आणि दिवे गेले. इन्व्हर्टर होता, पंखा फिरत राहिला, पण कन्सोल बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं. ते साध्या मोडवर असलं तर वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला चालतो, कन्सोलला चालत नाही. बटण यूपीएसकडे करा. इन्व्हर्टर नसेल तर पावसाळ्यात निदान आभाळ बघून बसा.

आता चोकोबो. ही ट्रॉफी विजेपेक्षा वेगळ्या जातीची आहे आणि तिच्यावर चिडायची पद्धतही वेगळी हवी. शर्यत जिंकून शेवटचा वेळ ०:०:० यायला हवा. प्रत्येक फुगा तीन सेकंद कमी करतो, अंगावर आदळलेला प्रत्येक पक्षी तीन सेकंद वाढवतो. फुगे कुठे येतील, तुमच्याशी शर्यत लावणारी ट्रेनर कोणते आधी पळवेल, पक्षी कुठून झेपावतील, यातलं बरंचसं तुमच्या हाती नाही. टीव्हीचा उशीर इथेही जाणवतो, पण निर्णायक नाही. म्हणून इथे वही ठेवू नका, चुकांचं विश्लेषणही करू नका. सुरुवात वाईट झाली, पहिल्या वळणापर्यंत दोन पक्षी बसले, की ती शर्यत मनातून सोडा आणि पुढची सुरू करा. जिथे नशिबाचा वाटा मोठा, तिथे प्रयत्नांची संख्या वाढवायची आणि एकेका प्रयत्नाला कमी किंमत द्यायची. विजेच्या बाबतीत याच्या बरोबर उलट.

राहिला सोडून द्यायचा प्रश्न. तो सर्वस्वी तुमच्या परिस्थितीवर आहे, पण मी कधी सोडते ते सांगू शकते. ट्रॉफीला ऑनलाइन सर्व्हर लागत असेल आणि तो बंद झाला असेल, तर विषयच संपला. प्लेस्टेशन ३ वरच्या द लास्ट ऑफ असचे सर्व्हर सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाले, त्यानंतर तिथल्या ऑनलाइन ट्रॉफ्या नव्याने मिळण्याची वाट उरली नाही. म्हणून नवा खेळ सुरू करायच्या आधी मी ते बघते. दुसरं, मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्या दिवशी थांबते, आठवडाभर दुखलं तर महिनाभर. तिसरं, मूळ खेळाबद्दलची माया आटायला लागली असेल तर. हे तुम्हालाच कळेल. टायडस आणि लुलूचा राग यायला लागला असेल तर डिस्क कपाटात ठेवा. ही ट्रॉफी ऑफलाइन आहे, दिवाळीनंतर बसलात तरी वीज पडणारच आहे.

तुमच्या लिहिण्यावरून मला यातलं तिसरं अजून झालेलं वाटत नाही. कळव्याच्या त्या खोलीबद्दल, मामेभाऊ मागे उभा राहून मोठ्याने आकडे मोजायचा त्याबद्दल तुम्ही जे दोन ओळींत लिहिलंत, ते वाचून मी हे एवढं लांबलचक लिहायला बसले. आणि आता लक्षात घ्या, तेव्हाही मोजणारा दुसराच कुणी होता. मामेभाऊ अजून कळव्यातच असेल तर एका रविवारी त्याला बोलावून घ्या. फक्त या वेळी मनातल्या मनात मोजायला सांगा.

त्याआधी जोडणी बदलून गेम मोडचे दोन आकडे काढा, आणि टीव्हीचं मॉडेल व कंट्रोलर किती वर्षांचा आहे ते इथेच लिहा. फरक दहा फ्रेमच्या आत आला तर दोष टीव्हीचा नाही, मग एक्सच्या फिल्मकडे बघू. त्याहून जास्त आला तर फिल्मला हात लावायची गरज नाही, नुसत्या गेम मोडवर पुन्हा बसा आणि पहिल्या बैठकीत किती झाल्या ते कळवा.